सुपुर्दनामा

मी गावचा नळवाला.
पहाटे साडेपाचला वॉल फिरवतो,
कोणाच्या दारी किती पाणी जातं
हे माझ्या मनगटाला माहीत.

मार्चात मृग बहार तुटला.
संत्रा भरून व्यापाऱ्याचे ट्रक गेले,
राखणदार मेळघाटात आपल्या गावी गेला,
प्रफुल्लभाऊ तर अमरावतीलाच राहतात.
बगीच्यात उरलं
पंपाच्या खोलीला साखळीनं बांधलेलं.

"कुत्र्यापायी रिपोर्ट? तुले काही काम नाई काय बे?"
हवालदार मोहोड हसले.
पण पंखा माझ्याकडे वळवला, हेही सांगतो.
"कोंबडी चोरीले गेली असती तं लिवलं असतं."
म्हटलं, चोरीच आहे साहेब.
"कायची?"
पाण्याची.

कलम अकरा, ढोक मॅडमनी वाचून दाखवलं,
जनावरांच्या दवाखान्यात, चष्मा कपाळावर ढकलून.
पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपये ते पन्नास.
पन्नास रुपयांत आमच्याकडे
थंड पाण्याच्या दोन कॅन येतात.

पंचनाम्यात आलं ते असं:
जात गावठी, रंग भुरा, डावा कान फाटका.
साखळी अडीच हात. घमेलं एक, उलटं, कोरडं.
(घमेल्याखाली विंचू होता, तो लिहिला नाही.)
ठिबकची नळी चावून चावून चोथा केलेली,
तिच्यात राहिलेल्या पाण्यावरच जगला, मॅडम म्हणाल्या.
वजन नऊ किलो.
नाव
इथं मोहोडनी आडवी रेघ मारली.

मग प्रश्न, मुद्देमाल ठेवायचा कुठं.
ठाण्याच्या आवारात वाळूचे ट्रॅक्टर उभे,
मोहाच्या दारूचे डबे, एक बिनचाकाची मोटरसायकल.
त्यांना भाकर लागत नाही.
म्हणून मी सही केली:
सदर कुत्रा सुस्थितीत सांभाळीन,
विकणार नाही, दुसऱ्यास देणार नाही,
न्यायालय मागेल तेव्हा हजर करीन.
बायको म्हणाली, लग्नात एवढं कुठं लिहून घेतलं होतं
आमच्या बापानं.

वरुडच्या कोर्टात तारखा पडत गेल्या.
कधी वकील नाही, कधी साहेब रजेवर.
एसटीत कंडक्टरनं याचं अर्धं तिकीट मागितलं,
मी दिलं.
गावात पारावर म्हणायचे,
"भाऊनं देवळाले फरशी देल्ली, अन् तू त्याईले कोर्टात नेतं!"
मी ऐकून घ्यायचो. फरशी चांगलीच आहे.

दीड वर्षानं प्रफुल्लभाऊ स्वतः आले.
व्हरांड्यात उभे, इस्त्रीचा शर्ट,
सहज म्हणाले, "काय रे सुलतान."
याचे कान उभे राहिले, फाटकासुद्धा.
दीड वर्ष मी त्याला
अरे म्हणत होतो.

त्यांच्या वकिलानं आवाज चढवला नाही.
वॉल कुठं आहे तुमचा?
बगीच्याच्या कुंपणाला लागून.
रोज जाता?
रोज.
भुंकणं ऐकू यायचं?
यायचं.
कुंपणाला वाट होती?
होती. पोट्टे संत्रे तोडायला शिरतात तिथून.
किती दिवस ऐकलं?

नऊ.
दहाव्या दिवशी आवाज आला नाही,
तेव्हा आत गेलो.

टाइप करणाऱ्या बाईनं नऊ हा आकडा
एकदा पुन्हा विचारून घेतला.

कलम मालकासाठी आहे.
नऊ दिवस गावाला पाणी सोडून
चहा प्यायला घरी जाणाऱ्यासाठी
त्या कागदात रकाना नाही.
मी मॅडमना दोनदा शोधायला लावलं.

पुढली तारीख एकोणीस.
सकाळी वॉल फिरवला
की पाइपात आधी हवा येते,
म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखी,
मग पाणी.
सुलतान माझ्यासोबत येतो.
हवा खोकली की ताडकन उठतो,
पाइपाला कान लावतो.

हा आवाज मी त्याला शिकवलेला नाही.
तिकडून, साखळीच्या टोकाशी उभं राहून,
तो पाठ करून आलाय.